अ‍ॅनिमेशनचं कोर्सवर्क: विद्यार्थी आणि पालक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

सबमिशनचे दिवस जवळ आले की अ‍ॅनिमेशन आणि डिजिटल आर्ट शिकणाऱ्या मुलांकडून दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. काही पालकांचेही असतात. ते इथे एकत्र केले आहेत. गुणांची विभागणी, तारखा, फाइलचा प्रकार ह्या बाबतीत तुमच्या विभागाचा आणि गाइडचा शब्द शेवटचा. बाकीचं मी वर्गात जे सांगते तेच इथे लिहिलं आहे.

१. शेवटी फिल्मच बघणार ना? मग स्केचबुक, स्टोरीबोर्ड, टिपणं हे सगळं कशाला जोडायचं?

कारण फिल्ममध्ये तुम्ही काय निवडलं ते दिसतं, काय टाकून दिलं ते दिसत नाही. परीक्षकाला दोन्ही बघायचं असतं. पात्राचे पहिले वेडेवाकडे आराखडे, रद्द झालेला शेवट, अ‍ॅनिमॅटिकच्या (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासकट वेळेवर लावलेल्या कच्च्या व्हिडिओच्या) दोन-तीन आवृत्त्या, रंगांच्या चाचण्या हे सगळं प्रोसेस बुकमध्ये तारखेसकट लावा. सबमिशनच्या आदल्या रात्री नव्याने काढलेली ‘सुरुवातीची’ स्केचेस लगेच ओळखू येतात, कारण ती फिल्मशी फारच जुळतात. प्रत्येक पानाखाली दोन ओळी पुरेत: काय करून पाहिलं आणि ते का बदललं. ‘मला हे आवडलं’ ह्या वाक्यातून परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. ‘आजीचा चेहरा मोठा केला कारण लांबच्या शॉटमध्ये डोळे दिसत नव्हते’ ह्यातून लागतं.

२. माझं ड्रॉइंग कच्चं आहे. अ‍ॅनिमेशन जमेल का?

जमेल, पण काढत राहावं लागेल. अ‍ॅनिमेशनला रेखीव चित्रापेक्षा पटकन पकडलेली ढब जास्त उपयोगी पडते. एसटी स्टँडवर, मंडईत, लोकलच्या फलाटावर उभं राहा आणि एका माणसाला अर्ध्या मिनिटात कागदावर आणा: खांद्याचा कल, वजन कुठल्या पायावर आहे, पिशवी कुठे ओढते आहे. चेहरे, कपडे नंतर. ही वही रोज चालू ठेवणाऱ्या मुलांच्या पात्रांत सहा महिन्यांत जीव येतो, हे मी बघत आले आहे.

३. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलं तर गुण कमी होतात का?

तुमच्या विभागाने एखादं सॉफ्टवेअर शिकवण्यासाठीच विषय ठेवला असेल तर ते वापरावंच लागेल. एरवी नाही. थ्रीडीसाठी आणि त्यातल्याच ग्रीस पेन्सिलने टूडीसाठी ब्लेंडर आहे. तो २००२ पासून मुक्तस्रोत आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ज्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं, तो लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच केलेला आहे. चित्रांसाठी आणि फ्रेम-बाय-फ्रेम कामासाठी क्रिटा, हाताने काढलेल्या रेषा स्वच्छ करून रंगवण्यासाठी ओपनटून्झ, अक्षरं आणि व्हेक्टरसाठी इंकस्केप. चोरीची प्रत मात्र वापरू नका. ती मध्येच बंद पडते, व्हायरस आणते आणि स्टुडिओत मुलाखतीला गेल्यावर ‘लायसन्स कुठलं?’ ह्या साध्या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

४. लॅपटॉप जुना आहे, आठ जीबी रॅम. थ्रीडी करू का?

आधी हिशोब करा, मग ठरवा. एक मिनिटाची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ ह्या दराने १४४० फ्रेम. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने ते चित्र पूर्ण तयार करायला, पाच मिनिटं लागली तर १२० तास, म्हणजे लॅपटॉप सलग पाच दिवस-रात्र चालू. त्यात वीज गेली, एखाद्या शॉटमध्ये हात अंगात घुसलेला दिसला, की त्या फ्रेम पुन्हा. म्हणून पहिल्याच आठवड्यात सर्वांत अवघड शॉटची एक फ्रेम रेंडर करून वेळ मोजा. ब्लेंडरमध्ये सायकल्स ह्या रेंडर इंजिनऐवजी ईव्ही हे इंजिन वापरलं तर वेळ बराच वाचतो. रेंडर थेट व्हिडिओत काढू नका, पीएनजी फ्रेमच्या मालिकेत काढा, म्हणजे मशीन मध्येच बंद पडलं तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. हिशोब बसत नसेल तर टूडी, कट-आउट किंवा स्टॉप मोशन करा. त्यात काही उणं नाही.

५. फिल्म किती लांब असावी?

विभागाने सांगितलेल्या मर्यादेतली सर्वांत छोटी. टूडीत एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. मिनिटाला ७२०, तीही एका पात्राची. दोन पात्रं, पाऊस आणि हलणारी पानं आली की आकडा कुठे जातो ते स्वतः मांडून बघा. तीन मिनिटांची घाईत रंगवलेली फिल्म आणि चाळीस सेकंदांची नीट झालेली फिल्म समोर आली तर मला दुसरीच बघाविशी वाटते. (रेंडरच्या वेळेसाठी प्रश्न ४.)

६. अजून उसळणारा चेंडू आणि वॉक सायकलच का करून घेतात? आम्हाला गोष्ट सांगायची आहे.

हा प्रश्न चिडून विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

चेंडूत वजन, वेळ आणि अंतर ह्या तीन गोष्टी उघड्या पडतात. वर जाताना चेंडू मंदावतो, म्हणून टोकाजवळ चित्रं दाटीने येतात. खाली येताना वेग वाढतो, म्हणून चित्रांमधलं अंतर वाढत जातं. हे अंतर सगळीकडे सारखं ठेवलं की चेंडू दोरीला बांधून ओढल्यासारखा दिसतो. आता तोच आकार, तोच रंग ठेवून एकदा टेनिसचा चेंडू करा, एकदा लोखंडी गोळा, एकदा पाणी भरलेला फुगा. चित्रात काहीही न बदलता फक्त वेळेने आणि अंतराने वस्तू बदलते. ज्याला हे हाताने कळलं त्याला पुढे ‘दुःखी माणूस कसा बसतो’ हेही कळतं, कारण तिथेही प्रश्न वजनाचाच असतो.

वॉक सायकलच्या, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवता येणाऱ्या चालण्याच्या, चार पोझ सगळ्यांना पाठ असतात: पाय टेकणं, अंग खाली जाणं, पाय ओलांडणं, अंग वर येणं. २४ फ्रेममध्ये दोन पावलं हा सुरुवातीचा हिशोब. अडचण पुढे येते. यूट्यूबवरच्या नमुन्यावरून केलेली सगळी पात्रं एकाच परदेशी माणसासारखी चालतात. आपल्या आजूबाजूला बघा. डोक्यावर हंडा असलेली बाई चालते तेव्हा डोकं जवळपास एका पातळीत राहतं, धक्का गुडघे आणि कंबर घेतात. नऊवारीत पावलाची लांबी वेगळी, चिखलणी केलेल्या वाफ्यात पाय उचलण्याआधी तो सोडवून घ्यावा लागतो. पायी वारीत पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेला म्हातारा पाय टाकतो तेव्हा टाच आणि चवडा जवळजवळ एकदम टेकतात. ह्यातलं एक चालणं नीट बघून केलंत तर त्यात गोष्ट आपोआप आली.

रेफरन्स स्वतः शूट करा. फोन कमरेच्या उंचीवर, लांब ठेवून, बाजूने. पुष्कळ फोन सेकंदाला ३० फ्रेमने आणि तेही कमीजास्त वेगाने चित्रण करतात, म्हणून व्हिडिओ आधी स्थिर २४ फ्रेममध्ये बदलून घ्या. नाहीतर मोजलेली प्रत्येक वेळ चुकते. आणि अनोळखी माणसाचं शूटिंग त्याला विचारूनच.

७. विषय सुचत नाही. लोककथा घेतली तर चालेल?

चालेल. पण तुम्ही ती पुस्तकात वाचली आहे की कुणाकडून ऐकली आहे? तोंडी चालत आलेली कथा कुणाच्या मालकीची नसते. लेखकाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःची भर घालून लिहिलेली मांडणी त्याची असते. भारतात लेखनाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं चालतो आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. १९५० साली वारलेल्या लेखकाचं लेखन २०११ पासून मुक्त झालं, २००० साली गेलेल्याचं २०६० च्या अखेरपर्यंत बंधनात आहे.

माझा सल्ला कथेपेक्षा प्रसंग शोधण्याचा. ‘पर्यावरण’, ‘स्त्रीशक्ती’, ‘मोबाइलचं व्यसन’ ह्या विषयांवर फिल्म करायला बसलेली मुलं पोस्टर करून उठतात. ‘घरात पहिल्यांदा गॅस आला त्या दिवशी आजी चुलीपाशीच बसून राहिली’ असा प्रसंग चाळीस सेकंदांत मावतो आणि त्यात सगळं बोलायला जागा असते.

८. वारली किंवा चित्रकथी शैलीत फिल्म करायची आहे. कुणाची परवानगी लागते का?

शैलीत चित्र काढायला परवाना लागत नाही. मात्र वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे तुमच्या कामाला ‘अस्सल वारली चित्रं’ म्हणून विकता येणार नाही, आणि एखाद्या चित्रकाराचं विशिष्ट चित्र उचलणं ही सरळ नक्कल झाली. पण खरी अडचण कायद्याची नसते. ती अर्धवट बघण्याची असते.

वारली आकृतीचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्या एका बिंदूवर सगळं शरीर तोललेलं असतं, म्हणून ती आकृती उभी असतानाही हलती वाटते. चेहऱ्यावर भाव नाहीत, खोली नाही, सावली नाही. मुलं काय करतात? तिला डोळे-ओठ देतात, मागे थ्रीडी डोंगर ठेवतात आणि कॅमेरा आत नेतात. मग उरतं ते फक्त गेरूच्या रंगावर पांढरं कार्टून. शैली घ्यायची तर तिचे नियम घ्या: भाव शरीराच्या कलातून, जागा वर-खाली मांडणीतून, गती तारपा नाचाच्या गुंडाळत जाणाऱ्या रांगेतून. लग्नात सवाशिणी भिंतीवर जो देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो पूजेचा भाग आहे. शीर्षकामागची नक्षी म्हणून तो वापरू नका.

चित्रकथी तर अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्याने बघायलाच हवी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक समोर धरत गाऊन कथा सांगत आले आहेत. चित्राच्या संचाला ते पोथी म्हणतात. कुठलं चित्र किती वेळ धरायचं, कुठे गाणं पुढे जाऊन चित्र मागाहून येतं, हे बघितलं की स्टोरीबोर्ड आणि ध्वनी ह्यांचं नातं पुस्तकाशिवाय समजतं. तिथेच कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. जाणार असाल तर आधी कळवून जा, कार्यक्रम बघायचे पैसे द्या आणि फिल्मच्या नामावलीत कलावंताचं नाव गावासकट द्या. परीक्षकाने संशोधन विचारलं की ही भेटच तुमचं संशोधन.

९. मराठी संवादाला लिप-सिंक कसं करायचं? सगळे तक्ते इंग्रजीचे आहेत.

तक्ता बाजूला ठेवा आणि लिहिलेल्या अक्षरांऐवजी ऐकू येणाऱ्या ध्वनीवर काम करा. ‘घर’ लिहिताना शेवटी ‘र’ पूर्ण आहे, बोलताना त्यातला ‘अ’ नाही. अक्षरागणिक तोंड उघडलंत तर पात्र बाराखडी म्हणत असल्यासारखं दिसेल.

प, ब, भ, म ह्यांना ओठ मिटलेच पाहिजेत. प्रेक्षक बाकी सगळं सोडून देतो, हे सोडत नाही. मिटलेलं तोंड किमान दोन फ्रेम ठेवा आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणा. ‘बाबा, पाऊस आला’ ह्या वाक्यात तीनदा ओठ मिटतात. ते तीन पकडले, ‘आ’चा मोठा उघड आणि ‘ऊ’चा चंबू घेतला, की काम बहुतेक झालं. ‘फ’ जपून: कुणी ओठ मिटून बोलतं, कुणी खालचा ओठ दाताला लावून. तुमच्या कलाकाराचा चेहरा रेकॉर्डिंगच्या वेळी फोनवर टिपून ठेवा. ट, ड, ण, ळ ला जीभ मागे वळते, समोरून ती दिसत नाही, त्यामुळे तिथे थोडा उघडलेला जबडा पुरतो. च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत: ‘चहा’त दात जवळ येतात, ‘चार’ मध्ये तोंड किंचित रुंद होतं.

पात्र मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असेल तर तीच बोली घरात बोलणाऱ्या माणसाचा आवाज घ्या. हेल वेगळा असतो, थांबे वेगळ्या जागी पडतात, आणि डोक्याची हालचाल त्या थांब्यांवरच बेतायची असते. ओठांआधी मान आणि भुवया करा. पुष्कळदा ओठांचं अर्धं काम तिथेच उरकतं.

१०. शीर्षकात जोडाक्षरं तुटतात, ‘र्‍या’चं भलतंच होतं. उपाय?

सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नसली की असं होतं. त्याच्याशी झगडू नका. अक्षरं इंकस्केपमध्ये टाइप करा, पाथमध्ये (रेषांच्या आकारात) बदला, एसव्हीजी फाइल म्हणून आणा. मग ती चित्रं झाली, तुटत नाहीत. ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. आणि नामावली दुसऱ्याकडून वाचून घ्या. चार महिने राबून केलेल्या फिल्ममध्ये ‘दिग्दर्शन’ चुकलेलं बघवत नाही.

११. पार्श्वसंगीताला एखादं गाजलेलं गाणं वापरू का? फक्त कॉलेजसाठीच आहे.

वर्गात, शिक्षक-विद्यार्थी-पालकांपुरतं दाखवायला कायद्यात सवलत आहे. पण ‘फक्त कॉलेजसाठी’ असलेली फिल्म महिन्याभरात शोरीलमध्ये (स्वतःच्या निवडक कामाच्या व्हिडिओत) आणि महोत्सवाच्या अर्जात जाते. तिथे ती सवलत संपते. गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण अमक्या गायकाने गायलेली त्याची चित्रफीत किंवा कॅसेट सर्वांची नाही. वर्गातल्या मैत्रिणीला अभंग तिच्या स्वतःच्या चालीत गायला सांगा, तिची लेखी संमती घ्या, प्रश्न मिटला. फुकट मिळणाऱ्या आवाजांचा परवाना ज्या दिवशी उतरवून घेता त्याच दिवशी त्या पानाची प्रत जपून ठेवा.

१२. स्वतःच्या व्हिडिओवरून फ्रेम गिरवल्या तर ती फसवणूक का?

नाही. रोटोस्कोप ही जुनी, मान्य पद्धत आहे. मात्र तसं लिहा, आणि मूळ व्हिडिओ जोडा. नुसतं गिरवलेलं चालणं बहुधा तरंगतं, कारण कॅमेऱ्याने धूसर केलेल्या फ्रेममध्ये वजन कुठे होतं ते कळत नाही. की पोझ (हालचालीतल्या मुख्य स्थिती) व्हिडिओवरून घ्या, त्या थोड्या ताणा, मधली चित्रं स्वतः काढा. दुसऱ्याच्या चित्रपटातला शॉट गिरवून स्वतःचा म्हणून देणं ही मात्र चोरी आहे.

१३. एआयने पार्श्वभूमी किंवा इनबिटवीन (दोन मुख्य पोझमधली चित्रं) केली तर?

आधी विभागाचा नियम वाचा. पूर्ण बंदी असेल तर तिथे ‘थोडंसं’ बसत नाही. परवानगी असेल तर कुठल्या शॉटमध्ये, कुठलं साधन, काय सूचना दिली आणि नंतर हाताने काय बदललं, हे प्रोसेस बुकमध्ये लिहा. माझं स्पष्ट मत सांगते: शिकण्याच्या वर्षांत इनबिटवीन दुसऱ्यावर सोपवू नका, मग ते यंत्र असो वा मित्र. चित्रांमधल्या अंतराची समज (प्रश्न ६) तिथेच तयार होते, आणि ती दुसऱ्या कुठल्याच कामातून येत नाही. शिवाय ‘हा वाडा असा का?’ असं परीक्षकाने विचारल्यावर जी निवड तुम्ही केलीच नाही तिचं कारण देता येत नाही. एआयच्या वाड्यात जोतं, ओसरी आणि चौक चुकीच्या जागी असतात, ते आम्हाला दिसतं.

१४. संशोधनाच्या प्रकरणात भारतीय अ‍ॅनिमेशनचं काय लिहावं?

दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करा. वाटाण्याचा अंकूर वाढताना त्यांनी फ्रेम-फ्रेम करून टिपला होता, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये आगकाड्या हलवल्या. १९३४ मध्ये प्रभातने ‘जंबू काका’ हा व्यंगपट काढला. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते, आणि त्या पिढीतले राम मोहन पुढे आयुष्यभर ह्या क्षेत्रात राहिले. १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ तर तुमच्या आईवडिलांनी दूरदर्शनवर पाहिलेली असेल, त्यांनाच विचारा. नावं-सालं उतरवून थांबू नका. ह्यातली जी फिल्म बघायला मिळेल तिची दहा सेकंदं फ्रेम-फ्रेम थांबवून मोजा आणि त्यावर लिहा.

१५. गटात काम केलं. माझ्या शोरीलमध्ये पूर्ण फिल्म टाकू का?

फक्त तुमचे शॉट, आणि प्रत्येकावर तुम्ही काय केलं ते लिहून: ‘अ‍ॅनिमेशन माझं; पात्ररचना व पार्श्वभूमी दुसऱ्यांची’. काम सुरू होतानाच कुणाचं काय ते कागदावर ठरवा. भांडणं सबमिशननंतर होतात.

१६. मुलगी रात्र-रात्र जागते. (एका आईचा प्रश्न.) ह्यात असं करावंच लागतं का?

शेवटच्या आठवड्यात थोडं. महिनोन्‌महिने नाही. तसं होत असेल तर बहुधा फिल्म तिच्या वेळेपेक्षा मोठी आखली गेली आहे. तिला प्रश्न ४ आणि ५ मधला हिशोब मांडायला सांगा आणि गाइडशी बोलून दोन शॉट कमी करायला सुचवा. ‘चित्रंच तर काढायची आहेत’ असं तेवढं म्हणू नका.

१७. फाइल उडाली. मुदत वाढवून मिळेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. कामाच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’ अशी नावं न देता शॉटचा क्रमांक आणि आवृत्ती द्या.

१८. फिल्म पूर्णच झाली नाही तर ज्युरीसमोर जाऊ की नको?

जा. अ‍ॅनिमॅटिक पूर्ण लांबीचा लावा, जे शॉट झाले ते त्यात बसवा, उरलेल्या ठिकाणी की पोझ किंवा स्टोरीबोर्डची चौकट ठेवा, आवाज मात्र शेवटपर्यंत पूर्ण. म्हणजे गोष्ट बघता येते. एक शॉट तरी रंग आणि सावलीसकट संपवलेला असू द्या, त्यावरून बाकीची फिल्म कशी दिसली असती ते कळतं. सगळे शॉट अर्धे ठेवलेत तर ते कशावरूनच कळत नाही. काय राहिलं ह्याची यादी स्वतःहून द्या.

१९. फिल्मचा मालक कोण, मी की कॉलेज? आणि महोत्सवाला पाठवायची तर यूट्यूबवर टाकू का?

तुमची चित्रं, पात्ररचना, पटकथा ह्यांचे कर्ते तुम्ही. पण भारतीय कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. पैसे, स्टुडिओ आणि यंत्रं संस्थेची असतील तर ती निर्माता असल्याचं म्हणू शकते. शिवाय प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदांत ह्याबद्दल कलम असू शकतं. तो कागद आत्ताच काढून वाचा. काही संस्था सगळे हक्क ठेवतात, काही फक्त दाखवण्याचा हक्क ठेवतात. हक्क कुणाकडेही असले तरी कर्ता म्हणून नाव लागण्याचा अधिकार तुमचा आहे.

काही महोत्सव इंटरनेटवर आधीच खुली झालेली फिल्म घेत नाहीत, म्हणून प्रत्येकाचे नियम पाहीपर्यंत ती सार्वजनिक करू नका. पासवर्डची लिंक द्या, मराठी संवादाला इंग्रजी सबटायटल जोडा, आणि संस्थेच्या संमतीचं पत्र अर्ज भरण्याआधी हातात घ्या. निकाल लागून विभागाला सुट्टी लागल्यावर सही मिळवायला फार हेलपाटे पडतात.